पापडाचा डबा

जानेवारीतली दुपार. ओठ फुटलेले, टाचा खरखरीत, म्हणून सहज मोबाइलवर हवामान पाहिलं. आर्द्रता २८ टक्के. सकाळी सातला हाच मोबाइल ९० सांगत होता आणि गॅलरीतून समोरची इमारत धुक्यात अर्धीच दिसत होती. एवढ्या वेळात पाणी गेलं कुठे?

कुठेच नाही. सकाळी १० अंश होते, तेव्हा घनमीटरभर हवेत फार तर साडेनऊ ग्रॅम वाफ मावते. होती साडेआठ. दुपारी ३० अंश झाले आणि मावायची हद्द ३० ग्रॅमवर गेली. वाफ तेवढीच, पातेलं मोठं झालं. (हवा काही 'धरत' नाही, सगळी तापमानाची करणी, म्हणून भौतिकशास्त्रवाले कान पिळतात. पिळोत.) ग्रॅममधली ती निरपेक्ष आर्द्रता, टक्क्यांतली ती सापेक्ष, शाळेत घोकलं होतं, पण सापेक्ष म्हणजे काहीतरी कमअस्सल, अशीच माझी समजूत होती.

आजीची नव्हती. पंचवटीतल्या वाड्यात तिचा पापडाचा पितळी डबा असायचा. एप्रिलमध्ये गच्चीवर धोतरावर वाळवण, राखणीला मी, हातात काठी, आणि अर्ध्या ओल्या कुरडया कावळ्यांपेक्षा मीच जास्त खायचो. पुढे थंडीत सकाळी डब्याला हात लावला की आतून आवाज, "मेल्या, ऊन चढू दे आधी!" श्रावणात तर झाकणाला फडकं बांधलेलं. एरवी सैल अंबाडा घालणारी आजी त्या दिवसांत केस चापून बांधायची, फुगतात म्हणून.

माणसाचा केस कोरड्यातून पूर्ण ओलीत गेला की दोन-अडीच टक्के लांबतो. जिनिव्हाच्या द सोस्यूर या गृहस्थाने त्यावर आर्द्रतामापक केला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथही लिहिला. केसाला ग्रॅमशी घेणंदेणं नाही, टक्क्यांशी आहे. पापडाचंही तेच. जानेवारीच्या पहाटे साडेआठ ग्रॅम, श्रावणात २५ अंशांना वीसेक ग्रॅम, पण टक्के दोन्हीकडे नव्वदच, आणि मऊ दोन्हीकडे पडतो. फक्त जानेवारीत दुपार सावरून घेते.

डबा आता माझ्याकडे आहे. झाकणाला पोचा आलाय, नीट बसत नाही.