तुम्ही विचारलंत म्हणून: हातानं का कापत नाही?

"कायले एवढा कुटाना करता भाऊ? ऑडॅसिटीत उघडाचं, माउसनं निवडाचं, कापाचं. झालं!" भजन मंडळांचं ऐकून झालं, आता गडचिरोलीतल्या वडशाकडची नाटकवाली मंडळीही हेच विचारतात. म्हणून एकदा नीट लिहितो. रात्रभराच्या रेकॉर्डिंगमधून एकेक भजन मी माउसनं नाही, स्क्रिप्टनं कापतो. स्क्रिप्ट म्हणजे कमांडची फाइल; ती एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामकडून तुकडे पाडून घेते.

एकच गाणं कापायचं असेल तर खुशाल हातानं कापा. आणि कुठे कापायचं, हे मीही कानानंच ठरवतो. एफएफएमपेगमध्ये शांतता हुडकणारा सायलेन्सडिटेक्ट नावाचा फिल्टर आहे. उणे ३५ डेसिबलच्या खालचा आवाज ०.६ सेकंद टिकला की शांतता धर, असं सांगितलं की भाषणाला तो चालतो. खंजेरी भजनात नाही. दोन भजनांच्या मध्ये पेटीचा सूर धरलेलाच असतो, कोणी खंजेरी सावरतं, मागे जनरेटरची घरघर. शांतता नसतेच, तर सापडणार कुठून?

म्हणून ऐकत ऐकत साध्या टेक्स्ट फाइलीत यादी करतो: सुरुवात, शेवट, नाव. माझं खरं काम ही यादी. तुकडे त्यातून केव्हाही पुन्हा निघतात. मंडळ म्हणालं, "जयघोष लवकर बुडते, जरा लांबवा," तर स्क्रिप्टमधला फेडचा, म्हणजे शेवटी आवाज हळूहळू विरवण्याचा, आकडा बदलायचा. रात्रभराची सगळी भजनं पुन्हा कापली जातात. हातानं केलं असेल तर प्रत्येक भजन पुन्हा उघडा.

कुटाणा आहे, नाही म्हणत नाही. याद्या गावागावांतून येतात, त्यात आकडे देवनागरी. एफएफएमपेगला ते कळत नाहीत. अक्षरं बदलणाऱ्या टीआर कमांडनं बदलू नका, ती एकेक बाइट पाहते, नि देवनागरी अक्षर अनेक बाइटचं असल्यानं ते तोडते. मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडचा वाय वापरा, लोकेल (भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ ठेवून. विंडोजच्या नोटपॅडमधली यादी असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं, ते फाइलीच्या नावाला चिकटतं, आधी काढा. मिनिटांत ०८ किंवा ०९ आलं की बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) अडतो, कारण शून्यानं सुरू होणारा आकडा तो अष्टमान समजतो, नि त्यात ८, ९ नसतातच. आकड्याच्या आधी १०# लावलं की सुटतं. आणि यादी ओळीओळीनं वाचणाऱ्या लूपमध्ये एफएफएमपेगला 'नोस्टडिन' (बाहेरून काही वाचू नको) द्याच. नाहीतर तोच यादीतली अक्षरं गिळतो. पुढच्या ओळी अर्धवट होतात, मधली भजनं गायब.

आता त्या प्रकरणाबद्दल, कारण प्रश्नामागे बहुतेकदा तेच असतं.

स्क्रिप्ट एका मंडळाला दिली होती. तिथल्या पोरानं 'मायनस एसएस', म्हणजे सुरुवातीची वेळ, मूळ फाइलीच्या नावाआधीची उचलून नावानंतर टाकली. 'नंतर लिहिलं की अचूक कापतं,' असं त्यानं ऐकलं होतं. सप्ताहातल्या एका रात्रीचे सगळे तुकडे तयार झाले. लांबी बरोबर, आकार बरोबर, एरर एकही नाही. पहिलं भजन वाजवून पाहिलं, वाजलं. मूळ रेकॉर्डिंग पुसलं. नंतर कळलं की पुढची सगळी भजनं निःशब्द आहेत. ती रात्र गेली.

कारण समजून घ्या. समजा भजन ०१:०८:४२ ला सुरू होतं नि ०१:१५:१० ला संपतं. सुरुवात ४१२२ वा सेकंद, लांबी ३८८ सेकंद. शेवटच्या ३ सेकंदांत आवाज विरवायचा तर फेडची सुरुवात ३८५ वर. वेळ नावाआधी असेल तर तुकड्याचं घड्याळ शून्यापासून चालतं नि ३८५ बरोबर बसतो. वेळ नंतर टाकली की फिल्टर मूळ रेकॉर्डिंगचं घड्याळ पाहतो. त्याच्या मते फेड ३८८ लाच संपला, आणि फेड संपल्यावर उरते ती शांतता. ४१२२ पासूनचं सगळं त्या शांततेत. पहिलं भजन मात्र अगदी सुरुवातीला होतं, त्याचे फक्त शेवटचे काही सेकंद गेले, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

ऐकीव सल्ला खोटा नव्हता. पूर्वी मीही तोच देत असे. एफएफएमपेगच्या २०१३ च्या २.१ आवृत्तीपासून, पुन्हा एनकोड करताना (म्हणजे आवाज नव्यानं लिहिताना), नावाआधीची वेळही अचूक धरली जाते, आणि फेड असला की एनकोड करावंच लागतं. नुसती कॉपी चालत नाही. हातानं कापणाऱ्याला ती शांतता ऐकू आली असती, हेही मान्य. पण पुसायची घाई स्क्रिप्टनं केली नव्हती. आता प्रत्येक तुकड्यावर व्हॉल्यूमडिटेक्ट हा आवाज मोजणारा फिल्टर चालतो. १६ बिटच्या निव्वळ शांततेला तो उणे ९१ डेसिबल दाखवतो. कमाल आवाज उणे ६० च्या खाली असला की स्क्रिप्ट तिथंच थांबते.

नाटकवाल्यांसाठी एक. रात्रभराचं झाडीपट्टीतलं नाटक ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओत घेतलं तर साध्या वेव्ह फाइलीची ४ जीबीची हद्द पावणेसात तासांच्या आसपास लागते. मोनो घ्या, नाहीतर फ्लॅक (दर्जा न घटवता लहान होणारी फाइल). आणि लाइट जाणारच, म्हणून तुकडा आधी तात्पुरत्या नावानं लिहा, पुरा झाला की एमव्ही कमांडनं खरं नाव द्या. तात्पुरत्या नावाच्याही शेवटी डॉट वेव्ह हवं. एफएफएमपेग फॉरमॅट त्यावरूनच ओळखतो. लाइट आल्यावर स्क्रिप्ट खऱ्या नावाच्या फाइली सोडून पुढे जाते.

फेड किती ठेवायचा? सुरुवातीला ५ ते १० मिलिसेकंद, बस. अर्धा सेकंद ठेवलात तर खंजेरीची पहिली थाप मऊ पडते, नि ती थाप गेली की भजन उभंच राहत नाही. शेवटाचं माझंही ठरलेलं नाही. काही मंडळांना जयघोष पूर्ण हवा, काहींना तो विरलेला आवडतो. सध्या यादीत चौथा रकाना ठेवलाय; तिथं आकडा असेल तर तो, रिकामा असेल तर ३ सेकंद.