माणशी एकशेत्रेचाळीस

रविवारी आम्ही सातजण मिसळ खायला गेलो. जादा पाव आणि ताकं धरून बिल झालं बरोब्बर हजार. टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हा आमचा जुना करार. मी मोबाइलवर हजाराला साताने भागलं. पडद्यावर आलं १४२.८५७१४२८५७. बाकीचे बडीशेप चघळत "किती रे?" विचारतायत आणि मी आकड्यांकडेच बघतोय.

ओळखीची मंडळी की ही! शाळेत पाय म्हणजे बावीस सप्तमांश असं घोकलं होतं. तो भागाकार करत बसा, ३.१४२८५७१४२८५७... खरा पाय ३.१४ पर्यंत सोबत करतो आणि पुढे १५९ म्हणत आपल्या वाटेने निघून जातो. वर्षाचे आठवडे काढा, ३६५ भागिले ७, ५२.१४२८५७... लीप वर्षात ५२.२८५७१४... माळ तीच, फक्त दोनाच्या मण्यापासून जपायला घेतलेली.

१४२८५७ ला तिनाने गुणलं की ४२८५७१, पाचाने गुणलं की ७१४२८५. सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा आकडे त्याच क्रमाने फेर धरतात. साताने गुणलं की मात्र सगळे नऊ, ९९९९९९! यात जादू नाही. एकाला साताने भागताना बाक्या उरतात ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. शक्य त्या सहाही बाक्या एकेकदा हजेरी लावून जातात, म्हणून कुठूनही आत शिरलं तरी चक्र एकच. तेराला हे जमत नाही. त्याच्याकडे सहा-सहा आकड्यांची दोन वेगळी चक्रं आहेत, ०७६९२३ आणि १५३८४६, एका घरात दोन चुली असाव्यात तशी.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर असल्या आकड्यांतच रमलेले असत. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. तो २०४०८ आणि १२२४४९ असा तोडून बेरीज केली की पुन्हा १४२८५७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. मास्तरांच्या टेबलावर हजाराचं बिल गेलं असतं तर मिसळ नक्की गार झाली असती.

"अरे, आकडा सांग!"

"माणशी एकशेत्रेचाळीस," मी म्हणालो. साती एकशेत्रेचाळीस म्हणजे १००१, आहेराच्या पाकिटासारखा वर एक रुपया. आणि १४३ ला ९९९ ने गुणलं तर? एक लाख त्रेचाळीस हजारातून १४३ वजा, १४२८५७. हे मी मोठ्याने बोललो नाही.

बिल मीच भरलं. सहाजणांनी १४३ प्रमाणे पाठवले, ८५८ जमा झाले, म्हणजे माझे गेले १४२. आता मात्र राहवेना.

"बिल ९९९ असतं आणि एक रुपया कमी आला असता ना, तर १४२ आणि ८५७ जुळलंच होतं!"

"मग माझा तो एक परत पाठव," बडीशेपवाला म्हणाला.