120 मॉडेलं, एक लिस्ट

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी बेळगाव जिल्ह्यातला पाऊस आणि पिकांचं उत्पादन घेतलं होतं. निपाणी, कागवाड, कित्तूर, मूडलगी हे तालुके अलीकडचे, म्हणून पूर्वीचे 10 तालुकेच धरले. पिकं 4, प्रत्येक पिकाला 3 समीकरणं. आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेत लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या आज्ञांच्या) आत लूप, त्याच्याही आत लूप, आणि त्यातून निघणारी 120 मॉडेलं, म्हणजे आकड्यांवर बसवलेली समीकरणं.

आर-स्क्वेअर आणि पी-व्हॅल्यू (मॉडेलचा कस सांगणारे दोन आकडे) काढून टेबलात भर, असं बरेच जण सांगतात. मला ते पटलं नाही. खानापूरला घाटाचा धो-धो पाऊस, अथणीकडे कोरडं रान. मॉडेल कुठे फसतंय ते एका आकड्यावरून कळत नाही, रेसिड्युअल (खरा आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतले फरक) बघावेच लागतात. म्हणून अख्खी मॉडेलं ठेवली, आणि त्यासाठी आरमधली लिस्टच लागते, म्हणजे काहीही ठेवता येईल अशा जागांची रांग.

तालुक्याच्या लिस्टमध्ये पिकाची, तिच्यात समीकरणाची, अशी उतरंड करता येते. पण फक्त उसाची मॉडेलं हवी असली की पुन्हा सगळे लूप फिरवा! त्यापेक्षा एक्स्पांड-ग्रिड या फंक्शनने तालुका, पीक, समीकरण यांच्या सगळ्या जुळण्यांचं 120 ओळींचं टेबल केलं, तेवढ्याच जागांची रिकामी लिस्ट आधीच बनवली आणि एकच लूप चालवला. टेबलातल्या सतराव्या ओळीचं मॉडेल लिस्टमध्येही सतरावं.

लिस्टमध्ये मॉडेल ठेवताना कंस मात्र दुहेरी चौकोनी हवेत. एलएमचं (मॉडेल बसवणाऱ्या आरच्या फंक्शनचं) मॉडेल म्हणजे स्वतःच डझनभर भागांची लिस्ट. एकेरी कंसाने ठेवलं तर आर नुसतं वॉर्निंग देतं, पहिला भाग, म्हणजे कोएफिशंट (समीकरणातले गुणक), तेवढा ठेवतं आणि बाकीचं सोडून देतं.

काही तालुक्यांत एखाद्या पिकाचे आकडेच नव्हते. तिथं एलएम एरर देऊन अख्खा लूप थांबवतो. ट्रायकॅच (एरर आला तरी लूप थांबू न देणारं फंक्शन) लावलं, पण एरर आल्यावर नल (आरमधलं 'काहीच नाही') परत करायचं नाही. भरलेल्या लिस्टमधलं एखादं मॉडेल पुन्हा काढताना दुहेरी कंसाने नल ठेवलं की ती जागाच लिस्टमधून जाते, पुढची मॉडेलं एकेक घर अलीकडे सरकतात आणि हुक्केरीचं मॉडेल गोकाकच्या नावावर दिसू लागतं. मी एररचा मेसेजच त्या जागी ठेवला. का जमलं नाही तेही तिथंच वाचता येतं.

सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं सरकारी नाव बदललं, त्यामुळे जुन्या फायलींत बेळगाव, नव्यांत बेळगावी. आरच्या लेखी ते दोन तालुके! ग्रिड बनवायच्या आधीच सगळी नावं एकसारखी करून घेतली.

पुढे सर म्हणाले, "खानापूरच्या भाताचं बघू की जरा." टेबलात ओळ शोधली, त्या क्रमांकाचं मॉडेल काढलं, आलेख समोर. टेबल आणि लिस्ट मी सेव्ह-आरडीएस या फंक्शनने एकाच फायलीत ठेवते. दोन फायली केल्या की एक नवी आणि एक जुनी राहायची भीती असते.