सागरेश्वर: वाघ नव्हता, शिंग होतं

"बाबा, तिथं वाघ आहे का?" सांगलीतून निघाल्यापासून धाकटीचा हा एकच प्रश्न. नाही म्हटल्यावर तिनं भडंगाची पिशवी मांडीवर ओढली आणि पलूस येईपर्यंत अर्धी संपवली. थोरल्याला पिंजऱ्यातला सिंह, घसरगुंडी आणि आईस्क्रीम हे सगळं एका तिकिटात हवं होतं. मी दोघांना घेऊन चाललो होतो सागरेश्वर अभयारण्यात.

किर्लोस्करवाडी मागे टाकली, ताकारीकडून घाट चढलो. हे जंगल माणसांनी उभं केलेलं आहे. माझे वडील इथल्या बोडक्या माळाच्या आठवणी सांगायचे, तेव्हा मला खरं वाटायचं नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लागली, हरणं आणून सोडली आणि 1985 साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत चितळ, सांबर, काळवीट, रानडुकरं, मोर.

पहिला तासभर फक्त मोराचा आवाज. थोरला वैतागला. मग वळणावर चितळांचा कळप दिसला, आणि आम्ही मोबाईल काढेपर्यंत गेलासुद्धा. सांबराचे नुसते खूर उमटलेले.

खरी मजा पुढे होती. पाचोळ्यात धाकटीला शिंग सापडलं, एका टोकाला कुरतडलेलं. तिनं ते उचलायला हात घातला तोच मागून वनमजूर मामांची हाक आली, "बाळा, ऱ्हाऊ दे तिथंच. साळिंदर खातंय त्ये."

"हरीण मेलं का?"

"न्हाई गं. चितळाचं शिंग दरसाल गळतंय, परत फुटतंय. नवं असताना वर मऊ लव आसती."

काळविटाचं तसं नाही, हेही त्यांनीच समजावलं. त्याचं पिळाचं शिंग जन्मभराचं, आत हाड आणि वर कडक टोपण, आपल्या बैलासारखं. "काळवीट बैलाचा पाव्हणाच की," मामा म्हणाले. शाळेत हे मीही शिकलो असणार, पण लक्षात राहिलं ते आत्ता.

माथ्यावरून कृष्णेचं वळण आणि दूरवर ऊसच ऊस. खालची देवळं धावतपळत पाहिली. कमळभैरवाच्या गार गाभाऱ्यापाशी मात्र पाय रेंगाळले. श्रावणी सोमवारी इथं पाय ठेवायला जागा नसते, जानेवारीत आम्ही आणि पुजारी. देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, इथंच पायथ्याला.

चहाच्या टपरीवर एक आजोबा भेटले. मुलं हरणांचं कौतुक सांगत सुटली होती. "तुमी बघाय येताय," ते म्हणाले, "आमी रातभर हरभरा राखतोय." कुंपण ओलांडून हरणं शिवारात उतरतात. मी काय बोलणार? आमच्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले, वर बिस्किटाचा पुडा.

परतताना पलूसच्या अलीकडे कारखान्याला निघालेल्या ऊसगाड्यांची रांग लागली. गाडी रेंगाळली. धाकटीनं काच खाली केली आणि मोठ्यानं ओरडली, "दादा, ते बघ, काळविटाचे पाव्हणे!"

गाडीवान हसला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक.