सात रस्त्याच्या सिग्नलवर बंद पडणारी गाडी

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला आणि माझी नऊ वर्षांची पेट्रोल गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला येताच बंद पडू लागली. पुणे महामार्गावर मोहोळपर्यंत ती विनातक्रार धावत असे. मात्र गावात क्लच दाबून वेग कमी केला, की आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा खाली घसरे, क्षणभर थरथरे आणि इंजिन बंद होई. एका गॅरेजमध्ये पेट्रोलचा पंप बदलायला सांगितले. पंप बदलला, पैसे गेले, पण दुखणे तसेच राहिले.

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन संथ फिरत राहते, त्याला आयडलिंग किंवा मिस्त्रींच्या भाषेत ‘स्लो’ म्हणतात. आयडलिंगवरचे इंजिन म्हणजे हातावर पोट असलेला माणूस. ७५० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ वेळा ज्वलन होते आणि त्यातून मिळणारी ताकद मुख्यतः इंजिनाचे स्वतःचे घर्षण भागवण्यातच संपते. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, थोडी ऊर्जा शिल्लक असते खरी. परंतु ती फिरण्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे १५०० आरपीएमच्या तुलनेत ७५० ला ती चौथाईच उरते. एखादे ज्वलन हुकले तर वेगात असलेले इंजिन ते सहज पचवते, आयडलिंगवरचे मात्र अडखळते.

त्यात आपल्या उन्हाळ्याची भर पडते. उभ्या गाडीच्या कंडेन्सरला (एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीला) समोरून वारा मिळत नाही, त्यामुळे एसीच्या गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर ओढायला अधिक जोर लागतो, आणि पंखा सतत फिरत राहिल्याने वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा भारही वाढतो. हा भार येण्याआधी इंजिनाला थोडी जास्त हवा देणे हे ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे, काम असते, आणि माझ्या गाडीत नेमके तेच जमत नव्हते.

विजापूर वेशीजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी कोणताही भाग बदलायचे नाव न काढता आधी विचारले, ‘‘ताई, रेस दिल्यावर गाडी चांगली चालते ना? मग पेट्रोल येतंय. स्लोला हवा कमी पडतेय.’’ मला हे निदान अतिशय मोलाचे वाटते, कारण ते गाडीच्या वागण्यावरून केलेले होते. आयडलिंगला थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेची, चकती जवळजवळ बंद असते आणि हवा तिच्या कडेच्या बारीक फटीतून किंवा बाजूच्या छोट्या वाटेने आत जाते. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोटातून) परत येणारी तेलकट वाफ तिथे साचते आणि तिची काळी चिकट काजळी होते. चकती अर्धी उघडली की या थराने काही अडत नाही. फट मात्र कागदाएवढ्या जाडीच्या थरानेही अरुंद होते. त्यामुळे पाय ॲक्सिलरेटरवरून उचलताच काटा गरजेपेक्षा खाली जातो आणि त्याला सावरण्याइतकी हवा वेळेत पोहोचत नाही.

सगळ्याच गाड्यांत कारण हेच असेल असे नाही. झिजलेले प्लग, कमकुवत कॉइल किंवा इंजेक्टरमधला कचरा यांनीही हेच घडते; आणि ज्या गाडीत आत येणारी हवा वाटेतच मोजली जाते, तिथे तडा गेलेल्या नळीतून न मोजलेली हवा शिरून मिश्रण पातळ होते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत स्लो जेट, म्हणजे आयडलिंगपुरते पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तुंबत असे. त्या काळची ‘स्लो वाढवून द्या’ ही सवय मला पटत नाही, कारण तिने दुखणे झाकले जाते. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर ब्रेक एकदोनदा दाबल्यावर पेडल कडक होते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते, म्हणून हा दोष मागे टाकू नये.

मिस्त्रींनी थ्रॉटल बॉडी उतरवून क्लीनरने आणि मऊ कापडाने साफ केली. पहिले दोन दिवस आयडलिंग उलट चढे राहिले, कारण काजळीच्या हिशेबाने जास्त हवा सोडायला सरावलेल्या ईसीयूला स्वच्छ फटीचा अंदाज नव्याने बांधावा लागला. आता एसी सुरू असतानाही काटा सिग्नलला स्थिर राहतो.