एक दशांश तीन

मला इंजिनांचं डिझाइन करायचं होतं. तिसऱ्या वर्षी एका सत्रासाठी जर्मनीला गेले तीही त्याचसाठी. आधी 'लर्निंग ॲग्रीमेंट'वर दोन्ही विद्यापीठांच्या सह्या मिळवण्यात महिना गेला. तिथे कोणते विषय घेणार, परतल्यावर ते कशाच्या बदल्यात धरणार, सगळं कागदावर हवं. सत्राचे ३० ईसीटीएस क्रेडिट, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांचं अभ्यास मोजायचं सामाईक माप. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो, हे मी वाचलं आणि विसरले.

पहिल्याच आठवड्यात इंजिनांचा तास आणि भाषेचा वर्ग एकाच वेळी आले. भाषा सोडता येईना. मग रिकाम्या वेळेत बसणारा विषय घेतला, धातूंचा थकवा. (सह्यांची वारी पुन्हा!) नावानेच जांभई आली होती. पण ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या चाकांच्या आसांवर केलेले प्रयोग सरांनी सांगितले आणि मी सावरून बसले. एका झटक्यात मुळीच मोडणार नाही असा भार पुन्हा पुन्हा पडत राहिला, की तोच आस एक दिवस तुटतो.

महिन्याभराने त्याच प्रयोगशाळेत 'हिवी' झाले, म्हणजे विद्यार्थी-मदतनीस. यंत्र सेकंदाला ३० वेळा धातूचा तुकडा ओढायचं. दहा लाख आवर्तनांना सव्वानऊ तास, एक कोटीला जवळजवळ चार दिवस. तुटलेल्या पृष्ठभागावर भेग कुठून निघाली ते शोधायचं. कंटाळवाणं काम, पण मला ते सोडून घरी जावंसं वाटत नसे.

या विषयाची अख्ख्या सत्रात एकच परीक्षा. मला १.३ मिळाले. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास, परतल्यावर मात्र इथल्या विद्यापीठाच्या कार्यालयाने आकडा पाहून विचारलं, "नापास का?" श्रेणींचा तक्ता दाखवला तेव्हा सुटले. तरी ६ क्रेडिट मान्य झालेच नाहीत आणि शेवटच्या सत्रात ज्युनिअरांबरोबर एक विषय करावा लागला.

नोकरीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "इंजिनांचा विषय का नाही घेतला?" मी वेळापत्रकाची गोष्ट सांगितली. डिझाइनची जागा गेली, पण चाचणी विभागाने बोलावलं. मास्टर्सचा अर्ज पुढे ढकललाय. आधी दोन वर्षं यंत्रांपाशी बसायचंय.