लग्नाआधी दातांचं काम: काय केलं, काय टाळलं

लग्नाआधी दातांचं काम करायचं ठरलं की आधी कॅलेंडर काढायचं. तारीख मात्र लग्नाची धरू नका. आपल्याकडे विदर्भात साक्षगंध (साखरपुडा) आधी होतं, त्याच्या आगेमागे प्री-वेडिंगचं शूट असतं आणि हसरे क्लोज-अप तिथेच जास्त घेतले जातात. पहिल्या मोठ्या फोटोंची जी तारीख, ती आपली तारीख. तिथून मागे मोजत यायचं. शेवटचे दोन आठवडे तोंडात काहीही नवं करायचं नाही. त्याआधीचे दोन-तीन आठवडे बाँडिंग (दातावर दाताच्याच रंगाचं भरण चिकटवणं) आणि पॉलिशसाठी, त्याआधीचे दोन नुसते थांबण्याचे, त्याआधी तीन-चार आठवडे ब्लीचिंगचे (दात उजळवण्याचे) आणि सगळ्यात आधी हिरड्या, कीड, रूट कॅनाल यांच्यासाठी किमान महिना. म्हणजे तीन-साडेतीन महिने झालेच. दात तारेनं किंवा अलाइनरनं (पारदर्शक साच्यांनी) सरळ करायचे असतील तर सहा महिने ते दीड वर्ष वेगळं धरा.

माझ्या तक्रारी तीन होत्या. समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि फिकट तपकिरी डाग, समोरच्याच दोन मोठ्या दातांमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट, आणि लहानपणी मार लागून रूट कॅनाल झालेला, काळपट पडलेला एक दात. डाग फ्लोराइडचे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या विहिरी-बोअरवेलच्या पाण्यावर वाढलेल्या कितीतरी जणांचे दात असे असतात. दात जबड्यात तयार होत असतानाच हा परिणाम होतो, त्यामुळे ते घासून जात नाहीत.

अशा तीन तक्रारी घेऊन गेलं की 'स्माईल डिझाइन' नावाचं एक पॅकेज समोर येतं: वरच्या आठ किंवा दहा दातांना व्हीनिअर, सगळे डाग एका झटक्यात झाकले. ऐकायला सोपं वाटतं. इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हे व्हीनिअर आहे की क्राउन? व्हीनिअर म्हणजे दाताच्या फक्त पुढच्या बाजूला चिकटवलेलं सिरॅमिकचं पातळ कवच. जाडी साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर, तेवढंच इनॅमल (दाताचा वरचा कडक थर) पुढून घासायचं. क्राउन म्हणजे पूर्ण दातावर बसणारी टोपी; त्यासाठी दात चारही बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर कापला जातो. पॅकेजच्या कागदावर नुसतं 'झिरकोनिया' (एक कठीण सिरॅमिक) लिहिलेलं असतं तेव्हा पुष्कळदा ते क्राउनच असतं, आणि इतका कापलेला जिवंत दात ठणकायला लागला तर पुढे रूट कॅनालही होऊ शकतं. इनॅमल पुन्हा उगवत नाही. चांगलं व्हीनिअर दहा-पंधरा वर्षं टिकतं, म्हणजे पंचविशीत बसवलेलं आयुष्यात किमान दोन-तीनदा बदलावं लागणार आणि दर वेळी दात थोडा आणखी जाणार. दात मुळात निरोगी असतील तर मला हा सौदा पटला नाही. दात खूप झिजलेले, तुटलेले किंवा खोल खड्डे पडलेले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे व्हीनिअरच योग्य.

म्हणून क्रम असा ठरवला: ज्यात दात कापावा लागत नाही ते आधी, आणि त्यानंतर जे उरेल त्याचं बघू.

सुरुवात तपासणीपासून. पूर्ण जबड्याचा ओपीजी (सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे), काळ्या दाताचा वेगळा छोटा एक्स-रे आणि हिरडी दातापासून किती सुटली आहे याची मोजणी. मग स्केलिंग, म्हणजे दातांवरचा किटण काढणं. स्केलिंगनं दात हलतात, फटी पडतात असं आपल्या घरांत ठाम मत असतं. खरं तर फटीत बसलेला किटण निघतो आणि आधीपासून असलेली फट दिसायला लागते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर पुढचं काहीही सुरू करू नये. सुजलेल्या हिरडीजवळ रेझिन (बाँडिंगचं प्लास्टिकसारखं द्रव्य) नीट चिकटत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरली की केलेल्या कामाची कड उघडी पडते. नवरदेव खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारा असेल तर इथेच थांबून तोंड किती उघडतं ते बघून घ्यावं. आपली तीन बोटं उभी आत जात नसतील तर सुपारीमुळे गालाची आतली त्वचा आवळत आली असण्याची शक्यता असते. तो आजार आहे, त्याचे उपचार आधी. आणि खर्रा सुरू ठेवून ब्लीचिंग करणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात.

ब्लीचिंगचे दोन प्रकार. क्लिनिकमध्ये 35 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल, हिरड्यांवर संरक्षक थर लावून, पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या. खुर्चीतून उठताना दात झकास पांढरे दिसतात, पण त्यातला काही भाग दात कोरडे पडल्याचा असतो. थोड्याच दिवसांत शेड (रंगाची छटा) जरा खाली येते. क्लिनिकच्या आधी-नंतरच्या फोटोंवर म्हणूनच फार जाऊ नये. दुसरा प्रकार घरचा. दातांचं माप घेऊन मऊ पारदर्शक ट्रे बनवतात, त्यात 10 किंवा 16 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. 10 टक्क्यांत प्रत्यक्ष हायड्रोजन पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असतं, त्यामुळे ते रात्रभर ठेवता येतं. वेळ लागतो, पण दात कमी ठणकतात आणि रंग जास्त टिकतो. मी घरचा घेतला.

ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या खाचेत, पुढच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढं जेल पुरतं. जास्त घातलं की ते हिरडीवर येतं आणि हिरडी पांढरी पडून चुरचुरते. बाहेर आलेलं कापसाच्या काडीनं पुसून टाकायचं. पहिल्या आठवड्यात फ्लोराइडचे पांढरे डाग आधीपेक्षा ठळक दिसतात. घाबरून बंद करू नका. आजूबाजूचा दात उजळत गेला की फरक कमी होतो. तपकिरी डाग मात्र लवकर फिके पडतात. दातात सणक येत असेल तर एक दिवसाआड लावा, आणि 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट ब्लीचिंगच्या दोन आठवडे आधीपासून वापरा. एप्रिल-मेची लग्नसराई असेल तर हे विशेष. नागपूरच्या उन्हातून येऊन फ्रिजचं पाणी तोंडाला लावलं की कळ थेट डोक्यात जाते. गरोदरपणात ब्लीचिंग करत नाहीत.

खाण्याचं पथ्य पुस्तकात सोपं आणि आपल्या स्वयंपाकघरात अवघड. क्लिनिकच्या ब्लीचिंगनंतर किमान 48 तास रंग सोडणारं काही नको, आणि घरच्या प्रकारात शक्यतो पूर्ण काळ. आपली तर फोडणीच हळदीनं सुरू होते. तर्री-पोहे, सावजी रस्सा, पाटोडी, चहा, बीट हे सगळं बाजूला. दहीभात, दूध, पनीर, केळं, इडली, बिनहळदीचं वरण चालतं. संत्र्यांना रंगाची अडचण नाही, पण आम्ल आहे. ब्लीचिंगच्या दिवसांत रसाचे ग्लास टाळा आणि खाल्लीच तर लगेच ब्रश करू नका. हळदीच्या कार्यक्रमाची भीती नको, अंगाला लावलेली हळद दातांना काही करत नाही. त्या दिवशीच्या जेवणातली करते. म्हणून ब्लीचिंग हळदीच्या बरंच आधी संपलेलं हवं. आणखी एक: हिरड्यांसाठी दिलेलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश सलग वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. ते ब्लीचिंगच्या आधीच संपवा.

काळा दात बाहेरून कितीही जेल लावलं तरी सुधारत नाही, कारण रंग आतून आलेला असतो. त्याला आतून ब्लीच करतात. दाताच्या मागून जुनं फिलिंग काढतात, रूट कॅनालमधलं भरण हिरडीच्या रेषेखाली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत उतरवतात आणि त्यावर सुमारे दोन मिलिमीटरचं सील बसवतात. मग सोडियम परबोरेट पाण्यात कालवून आत भरतात आणि वरून तात्पुरतं फिलिंग. आठवडाभरानं बघायचं, गरज असेल तर बदलायचं. साधारण दोन ते चार वेळा. शेजारच्या दातापेक्षा अर्धी शेड जास्त उजळवून थांबतात, कारण थोडा रंग परत येतो. ते सील हा यातला कळीचा भाग. ते नसेल तर परबोरेटमधून सुटणारं पेरॉक्साइड मुळाच्या कडेला झिरपतं आणि काही वर्षांनी मूळ बाहेरून पोखरलं जाऊ शकतं. मार लागलेल्या दातात हा धोका जास्त. सील घालणार का, हे मी आधी विचारून घेतलं, आणि पुढे वर्षातून एक एक्स-रे काढायचाच. हा दात आणि बाकीचे दात एकाच काळात उजळवले तर शेड जुळवणं सोपं जातं.

यानंतर दोन आठवडे काहीच करायचं नाही, आणि लग्नघरात नेमकं हेच कोणाला सहन होत नाही. "आता काय राहिलं? भरून टाका ना!" पण ब्लीचिंगनंतर इनॅमलमध्ये ऑक्सिजन अडकून राहतो आणि तो रेझिनला नीट पक्कं होऊ देत नाही. त्या काळात केलेलं बाँडिंग ऐन मांडवात निघू शकतं. शिवाय रंगही अजून स्थिर झालेला नसतो.

उरलेल्या पांढऱ्या डागांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळे ठेवणारा रबरी पडदा) लावून डागावर 15 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचं जेल दोन मिनिटं, मग धुवून, अल्कोहोलनं सुकवून, पाण्यासारखं पातळ रेझिन डागात मुरू देतात आणि लाइटनं पक्कं करतात. यात एक पायरी बारकाईनं बघण्यासारखी आहे. सुकवताना अल्कोहोलचा थेंब पडला की डाग क्षणभर नाहीसा होतो की तसाच राहतो, ते बघायचं. नाहीसा झाला तर रेझिननंही जाईल. तसाच राहिला तर आम्लाची आणखी एक फेरी लागते. खोल डाग पूर्ण जात नाहीत, फिके होतात. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

फट कंपोझिटनं (दाताच्या रंगाच्या रेझिननं) बुजवली. आधी तोंडात मॉक-अप (तात्पुरता नमुना) करून बघण्याचा आग्रह धरा, स्क्रीनवरचं चित्र पुरत नाही. एक मिलिमीटरची फट म्हणजे दोन्ही दातांना अर्धा-अर्धा मिलिमीटर. पण दाताची रुंदी उंचीच्या 75 ते 80 टक्क्यांपुढे गेली की दात फावड्यासारखा दिसतो. मॉक-अप तोंडात असताना एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोठ्यानं मोजा. प्रत्येक आकड्यात 'स' येतो. शीळ वाजली किंवा जीभ अडली तर आकार बदलायला हवा. मग 'कॉफी' म्हणून बघा, वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओल्या रेषेला हलकेच टेकली पाहिजे.

शेड अपॉइंटमेंटच्या सुरुवातीलाच, लिपस्टिक नसताना, दात ओले असताना, सकाळच्या खिडकीच्या उजेडात घ्यायची. तोंड उघडं ठेवून दात सुकले की ते खोटे पांढरे दिसतात. नेहमीच्या शेड गाइडवर (रंग जुळवायच्या पट्टीवर) 16 शेड असतात. त्याच्याही पुढच्या 'ब्लीच' शेड घेऊ नका; दात डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा पांढरे झाले की फोटोत आधी दातच दिसतात. न चिकटवता कंपोझिटचा एक ठिपका दातावर लाइटनं पक्का करून बघायला सांगा, तो नखानं निघतो. काम झाल्यावर फटीतून फ्लॉस घालून बघा. तो अडकला किंवा त्याचे तंतू निघाले तर तिथे कड राहिली आहे, आणि लग्नापर्यंत त्या जागेची हिरडी लाल होणार. पॉलिशसाठी आठवड्यानं पुन्हा जायचं असतं, ते टाळू नका.

खर्चाचं लेखी घ्या. दर दाताप्रमाणे असतो, पण एक्स-रे, स्केलिंग, मॉक-अप, तुटल्यास दुरुस्ती हे धरून की सोडून, यावरच दोन कोटेशनमधला फरक ठरतो. कॉस्मेटिक कामाला आरोग्य विमा सहसा चालत नाही. हाताशी चार-पाच महिने असतील तर नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा हिंगणा रोडकडची दंत महाविद्यालयं जरूर बघा. चकरा आणि वेळ जास्त लागतो, पण पदव्युत्तर विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सावकाश काम करतात.

आता कंपोझिटच्या दातांनी भुट्टा, ऊस, फुटाणे तोडायचे नाहीत, वर्षातून एकदा पॉलिश करायचं. ब्लीचिंगचा ट्रे जपून ठेवा, रंग उतरला तर नवं जेल आणून दोन-तीन रात्री पुरतात. उरलेल्या जेलच्या सिरिंज फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी मुदत बघा. ट्रे गरम पाण्यानं धुवायचा नाही, आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवायचा नाही; वाकला की पुन्हा माप देऊन नवाच करावा लागतो.